वेगवान मोटारींच्या टायरची असमान झीज आणि चाकांचे अलाइनमेंट

टायर किती झिजला आहे हे पाहण्यासाठी बहुतेक मोटारधारक चाकासमोर उभे राहून त्याच्या बाहेरच्या कडेवर नजर टाकतात. परफॉर्मन्स कार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वेगवान मोटारींच्या बाबतीत ही पाहणी अनेकदा फसवी ठरते. बाहेरून नक्षी शाबूत दिसत असताना गाडीच्या पोटाकडची कड गुळगुळीत झालेली असते, आणि कधी कधी रबराखालच्या पोलादी तारा उघड्या पडल्याचे गाडी जॅकवर चढविल्यावरच लक्षात येते.

म्हैसूर हे नाव टायर उद्योगाशी जुने जोडलेले आहे. येथील विक्रांत टायर्स ही कंपनी १९९७ साली जेके टायरने ताब्यात घेतली; याच कंपनीचे संशोधन केंद्रही आज शहरात आहे. परंतु असमान झीज समजून घेण्यासाठी कारखान्यापेक्षा म्हैसूरहून निघणारे रस्ते अधिक उपयोगी आहेत. बंगळूरच्या दिशेला १२ मार्च २०२३ रोजी लोकार्पण झालेला ११८ किलोमीटरचा द्रुतगती मार्ग आहे. त्यावर चाक बराच काळ जवळजवळ सरळ आणि वेगाने फिरते. दक्षिणेला बंदीपूर, मसिनगुडीवरून उटीकडे जाताना कल्हट्टी घाटात ३६ तीव्र वळणे लागतात. एकच टायर या दोन रस्त्यांवर दोन वेगवेगळ्या कडांनी झिजतो.

याचे कारण कॅम्बर या कोनात आहे. गाडीकडे समोरून पाहिले असता चाकाचा माथा आत झुकलेला असेल, तर त्यास ऋण कॅम्बर म्हणतात. वळणावर गाडीचे शरीर बाहेर कलते आणि बाहेरच्या चाकाचा सारा भार टायरच्या बाहेरील खांद्यावर येऊ पाहतो. चाक आधीच थोडे आत झुकलेले असल्यास ऐन वळणात टायरचा पृष्ठभाग रस्त्यावर सपाट टेकतो व पकड वाढते. वेगवान मोटारींना कारखान्यातच अधिक ऋण कॅम्बर दिला जातो तो यासाठी. घाटात उपकारक ठरणारा हाच झुकाव सरळ रस्त्यावर मात्र आतल्या कडेवर जादा भार टाकतो. टायर जितका रुंद, तितका हा फरक ठळक. म्हणजे आतील कडेची थोडी अधिक झीज हा अशा मोटारीतील दोष नव्हे, ती तिच्या पकडीची किंमत होय.

तथापि, काही हजार किलोमीटरांतच टायर निकामी होत असेल, तर कॅम्बरला एकट्याला दोष देऊन भागत नाही. खरा अपराधी बहुधा ‘टो’ असतो. वरून पाहिले असता दोन्ही चाके पुढच्या बाजूस एकमेकांकडे वळलेली असतील तर टो-इन, एकमेकांपासून दूर वळलेली असतील तर टो-आउट. चाक प्रवासाच्या दिशेशी अवघा पाव अंश तिरपे असले, तरी गणिताने ते दर किलोमीटरला सुमारे ४.४ मीटर आडवे घासले जाते. दहा हजार किलोमीटरच्या प्रवासात ही फरफट ४४ किलोमीटर भरते. त्यात ऋण कॅम्बर आणि टो-आउट एकत्र आले की सारे घर्षण आतल्या कडेवर एकवटते.

झीज वाचावी कशी?

कॅम्बरमुळे होणारी झीज एका कडेला, पण हाताला गुळगुळीत लागते. टोमुळे होणारी झीज करवतीसारखी असते: टायरच्या रुंदीवरून तळवा एका दिशेने फिरविल्यास मऊ, उलट दिशेने फिरविल्यास नक्षीच्या कडा बोचतात. दोन्ही खांदे झिजले असतील तर हवा कमी, मधला पट्टा झिजला असेल तर हवा जास्त, असे सामान्यतः समजावे. टायरवर ठरावीक अंतराने खळगे पडले असतील, तर शॉक अ‍ॅब्झॉर्बर किंवा व्हील बॅलन्सिंगकडे पाहावे लागते; तेथे अलाइनमेंटचा उपयोग नाही. गॅरेजमध्ये या दोन कामांची गल्लत सर्रास होते. बॅलन्सिंग म्हणजे चाकाच्या वजनाचा समतोल. अलाइनमेंट म्हणजे चाकांचे कोन.

यंत्राच्या पडद्यावर सर्व आकडे हिरवे दिसूनही टायर झिजत राहिल्याची तक्रार अनेकदा ऐकू येते. याची दोन कारणे असू शकतात. हिरवा रंग म्हणजे आकडा कंपनीने दिलेल्या मर्यादेत आहे एवढेच. तो मर्यादेच्या अगदी टोकाला असू शकतो, किंवा डावी-उजवी बाजू असमान असू शकते. दुसरे कारण अधिक दडलेले आहे. मोजणी उभ्या गाडीवर होते. लोअर आर्मचे रबरी बुश सैल झाले असतील, तर ब्रेक लागताच चाक मागे ओढले जाते आणि टो बदलतो. गाडी थांबली की पुन्हा जागेवर येतो. म्हणून टाय रॉड, बॉल जॉइंट व बुश तपासल्याविना केलेले अलाइनमेंट म्हणजे वाया गेलेला खर्च. हवेचा दाब आधी ठीक करावा, मागील चाके प्रथम जुळवावीत, मग पुढील, हा क्रमही महत्त्वाचा आहे; मागील चाकांची दिशा वाकडी असेल तर पुढचे जुळविलेले कोन स्टिअरिंग तिरपे ठेवतात.

मागील कोन प्रत्येक मोटारीत बदलता येतातच असे नाही. २०१३ साली बाजारात आलेल्या आणि चाकणला तयार झालेल्या फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआयला मागे एकसंध आडवा दांडा आहे. तेथे कोन बिघडलेला आढळल्यास दांडा वाकला आहे काय, हे पाहावे लागते. २०१७ च्या स्कोडा ऑक्टाव्हिया आरएसमध्ये मागे अनेक दांड्यांची मल्टिलिंक रचना असल्याने तेथे जुळवणी शक्य आहे. हौसेने गाडी बुटकी करणाऱ्यांनी तर विशेष सावध राहावे. लहान स्प्रिंग बसविल्यावर सामान्यतः ऋण कॅम्बर वाढतो आणि टोही सरकतो. नव्याने अलाइनमेंट न केल्यास महागडे टायर एका पावसाळ्यापर्यंतही टिकत नाहीत.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९४ नुसार मोटारीच्या टायरच्या नक्षीची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा कमी असता कामा नये. टायरच्या चरांमधील उंचवटे ही मर्यादा दाखवितात. महाराष्ट्रात समृद्धी महामार्गावर २०२३ साली परिवहन विभागाने टायर तपासून झिजलेल्या टायरची वाहने परत पाठविण्याची मोहीम घेतली होती. आतल्या कडेचे चर संपलेले असतील, तर ओल्या रस्त्यावर त्या बाजूचे पाणी बाहेर फेकले जात नाही आणि चाक पाण्यावर तरंगू लागते. वेग जितका अधिक, तितके लवकर.

चाकांची अदलाबदल हा नेहमीचा उपायही येथे मर्यादित ठरतो. एकाच दिशेने फिरण्यासाठी बनविलेला टायर रिमवरून उतरविल्याशिवाय दुसऱ्या बाजूला लावता येत नाही, आणि पुढे-मागे भिन्न रुंदीचे टायर असलेल्या मोटारीत पुढचे मागे करताच येत नाहीत. अशा मोटारीचे स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवून पुढच्या टायरची आतील कड सहज दिसते. मागच्या टायरसाठी मात्र गाडी उचलावी लागते, किंवा जमिनीलगत वाकून विजेरीने पाहावे लागते.