हौद्याची माती, सोसायटीचे पेव्हर ब्लॉक

मुलांच्या मैदानाची सुरक्षितता म्हटली की आपली नजर घसरगुंडीवर आणि झोपाळ्याच्या गंजक्या साखळ्यांवर जाते. पायाखाली कोणी बघत नाही. महाराष्ट्राच्या तालमींनी मात्र सगळं लक्ष पायाखालीच दिलं होतं. कुस्तीच्या हौद्यातली लाल माती चाळून घ्यायची, तिच्यात ताक, हळद, तेल, लिंबाचा रस मुरवायचा आणि फावड्याने उकरत ती भुसभुशीत राखायची, हे पठ्ठ्यांचं काम. त्यावर वस्तादाची नजर. तिथे पडणं हा अपघात नव्हता, कुस्ती म्हणजेच पडणं आणि पाडणं. युरोपात डोक्याला बसणारा मार मोजून खालचा थर किती मऊ हवा हे ठरवणारी सामाईक मानकं आली ती १९९०च्या दशकात.

मुलांच्या पायाखालची जमीन कशी बदलली, ते शेलूसारख्या ठिकाणी दिसतं. वांगणी आणि नेरळच्या मधलं हे भातखाचरांचं गाव. अशा गावात कापणी उरकली की खाचर हेच मैदान. धसकटं टोचतात, ढेकळांत पाय मुरगळतो, पण बांधावरची झाडं सोडली तर उंचावरून पडायला काही नसतं. मुंबईच्या लोकलच्या आधाराने इथे इमारती उभ्या राहिल्या. २०२४ मध्ये गिरणी कामगारांच्या घरांसाठीही सरकारने शेलू-वांगणीकडे बोट दाखवलं.  राज्याच्या २०२०च्या एकत्रित नियमावलीप्रमाणे मोठ्या भूखंडावर १० टक्के जागा मोकळी सोडावी लागते. जागा सुटते, पण तिच्यावर पेव्हर ब्लॉक आणि त्यावर घसरगुंडी, असंच अनेक ठिकाणी होतं. म्हणजे खाचरात नसलेली उंची आली आणि हौद्यात असलेली माती गेली.

यावर कोणी म्हणेल, पडल्याशिवाय मूल शिकत नाही. खरंच आहे, हौदा तेच शिकवत होता, फक्त डोकं शाबूत ठेवून. दुसरा आक्षेप जास्त वजनदार: रबरी थर महाग, आणि शेलूच्या पावसात वाळू वाहून जाते, माती दगडासारखी बसते. पण तालमीतली मातीही आपोआप मऊ राहत नव्हती. साहित्याइतकाच प्रश्न वस्तादाचा, म्हणजे देखभालीचा आहे. बागेच्या माळ्याला पगार मिळतो, तसे वाळू भरायला आणि उकरायला चार पैसे देखभाल खर्चात धरायला काय हरकत आहे? घराचा ताबा घेताना नळ, लिफ्ट तपासता. तेव्हा घसरगुंडीच्या तळाशीही बोटं खुपसून बघा. बोटं आत गेली नाहीत, तर बिल्डरला तिथेच लेखी कळवा.