वापरलेल्या चित्रपट-कॅमेऱ्याचे मोल : एक ऐतिहासिक विचार

‘भाव’, ‘किंमत’ आणि ‘मोल’ हे तीन शब्द व्यवहारात पुष्कळदा एकमेकांच्या जागी वापरले जातात. परंतु त्यांच्या अर्थच्छटा एक नव्हेत. भाव बाजारात ठरतो आणि दिवसागणिक बदलतो. किंमत ही एका विशिष्ट व्यवहारात मोजून दिली जाते. मोल मात्र वस्तूच्या उपयोगातून आणि तिच्या दुर्मिळपणातून सिद्ध होते. ‘किंमत’ हा शब्द अरबीतून फारसीवाटे मराठीत आला आणि ‘मोल’ हा संस्कृत ‘मूल्य’ शब्दापासून प्राकृत ‘मोल्ल’वाटे आला, हे व्युत्पत्तिभेद येथे गौण आहेत. महत्त्वाची गोष्ट ही की, ज्या वस्तूच्या बाबतीत हे तिन्ही अर्थ एकमेकांपासून फार दूर जातात, अशा वस्तूंत व्यावसायिक चित्रपट-कॅमेऱ्याची गणना करावी लागते.

सामान्यतः असे समजले जाते की, यंत्र जितके जुने आणि जितके झिजलेले, तितकी त्याची किंमत कमी. चित्रपट-कॅमेऱ्याचा इतिहास या समजुतीस पुष्टी देत नाही. ज्या पद्धतीत कॅमेरा वापरावयाचा, ती पद्धत टिकून आहे की नाही, यावर त्याचे भवितव्य झिजेपेक्षा अधिक अवलंबून राहिले आहे. फिल्मची रुंदी व छिद्रे, ध्वनी, रंग आणि भिंग बसविण्याची बैठक यांपैकी एकही गोष्ट बदलली, की उत्तम स्थितीतील यंत्र एका रात्रीत निरुपयोगी ठरते. आणि तीच गोष्ट पुन्हा उलटली, की अडगळीतील यंत्रास मागणी येते.

१

भारतात हा व्यवहार नव्या यंत्रांच्या खरेदीपासून सुरू झाला. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईतील वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चित्रफितींचे प्रदर्शन झाले. त्यानंतर हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा या छायाचित्रकाराने एकवीस गिनी मोजून इंग्लंडहून कॅमेरा मागविला आणि १८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमधील कुस्तीचे चित्रण केले. दादासाहेब फाळके १९१२ च्या आरंभी लंडनला गेले. तेथे ‘बायोस्कोप’ या साप्ताहिकाचे संपादक कॅबोर्न यांचा सल्ला त्यांनी घेतला, सेसिल हेपवर्थ यांच्या चित्रशाळेतील काम पाहिले आणि सुमारे पन्नास पौंडांस विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेतला. कच्च्या फिल्मबरोबर फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्रही त्यांनी मागविले. त्या काळी कच्ची फिल्म छिद्रांविना मिळत असे. म्हणून कॅमेऱ्याइतकेच हे यंत्रही आवश्यक होते.

या खरेदीचा विचार करताना एक गोष्ट दृष्टीआड होऊ देता कामा नये. फाळके यांनी केवळ यंत्र विकत घेतले नाही, तर त्या धंद्यात मुरलेल्या, पण विक्रीत स्वार्थ नसलेल्या एका जाणकाराचे मत घेऊन मग यंत्र निवडले. पुढे कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने स्वतःच कॅमेरा तयार केला आणि ‘सैरंध्री’ (१९२०) या चित्रपटाने आपल्या कार्याचा ठसा उमटविला. ज्याला यंत्र घडविता येते त्याला ते पारखताही येते. परंतु सर्वच खरेदीदारांजवळ हे सामर्थ्य असणे शक्य नव्हते.

२

पद्धतीतील बदलाने यंत्राचे मोल कसे हलते, याची उदाहरणे पहिल्या तीन दशकांतच आढळतात. ल्युमिएर यांच्या फिल्मवर प्रत्येक चौकटीच्या दोन्ही बाजूंस एकेक वर्तुळाकार छिद्र असे, तर एडिसन यांच्या फिल्मवर चार चौकोनी छिद्रे असत. १९०९ मध्ये पॅरिस येथे भरलेल्या निर्मात्यांच्या परिषदेत पस्तीस मिलिमीटर रुंदी व एडिसन यांची छिद्रपद्धती मान्य झाली. त्यानंतर अन्य छिद्रपद्धतीचा कॅमेरा कितीही सुस्थितीत असला, तरी प्रचलित फिल्म त्यात चालणे शक्य नव्हते. त्याच्या स्वास्थ्यात काहीही बिघडले नव्हते. बिघडले होते ते त्याचे जगाशी असलेले नाते.

शिकागोच्या बेल अँड हॉवेल कंपनीने १९१२ च्या सुमारास ‘२७०९’ हा धातूचा कॅमेरा बाजारात आणला. फिल्मच्या छिद्रांत नेमक्या बसणाऱ्या स्थिर पिनांवर प्रत्येक चौकट टेकवून धरण्याची त्याची यंत्रणा इतकी अचूक होती की, पडद्यावरील चित्र हलत नसे. १९२७ नंतर बोलपट आला आणि हाच कॅमेरा गोंगाट करतो म्हणून संवादांच्या चित्रणातून मागे पडला. परंतु ज्या कामात आवाजाचा प्रश्नच उद्भवत नाही, अशा कामात, म्हणजे व्यंगचित्रपट, शीर्षके आणि विशेष दृश्ये यांत, तो पुढे कित्येक दशके राबत राहिला. एकाच यंत्राचा एक दोष एका बाजारात त्याची किंमत उतरवितो आणि त्याचाच गुण दुसऱ्या बाजारात ती टिकवितो. तेव्हा ‘कॅमेरा चांगला आहे काय’ हा प्रश्न अपुरा ठरतो. ‘कोणत्या कामासाठी चांगला आहे’ असेच विचारावयास हवे.

३

रंग आणि रुंद पडदा यांच्या इतिहासात हेच सूत्र अधिक ठळकपणे दिसते. १९३२ पासून वापरात आलेल्या टेक्निकलर कॅमेऱ्यात तीन फिल्मा एकाच वेळी चालत. हे कॅमेरे कंपनी विकत नसे. चित्रपटनिर्मात्यांना ते भाड्याने मिळत. १९५० मध्ये एकाच फिल्मवर सर्व रंग नोंदविणारी ईस्टमन कलर फिल्म आली आणि पाच-सहा वर्षांत तीन फिल्मांच्या या यंत्राचे प्रयोजन संपले. त्यांपैकी काहींचे रूपांतर ‘टेक्निरामा’ पद्धतीच्या कॅमेऱ्यांत करण्यात आले. रूपांतरामुळे यंत्रे वाचली. परंतु त्यांचे मूळ रूप त्याच क्रियेत नष्ट झाले.

याच्या उलट उदाहरण ‘व्हिस्टाव्हिजन’चे आहे. पॅरामाउंट कंपनीने १९५४ मध्ये प्रचारात आणलेल्या या पद्धतीत फिल्म आडवी धावे आणि प्रत्येक चौकट आठ छिद्रांएवढी लांब असे. १९६० च्या दशकाच्या आरंभी ही पद्धत कथाचित्रणातून मागे पडली व तिचे कॅमेरे धूळ खात पडले. ‘स्टार वॉर्स’ (१९७७) या चित्रपटाच्या विशेष दृश्यांसाठी हीच यंत्रे बाहेर काढण्यात आली. विशेष दृश्यांत एका चित्रावर दुसरे असे अनेक थर छापावे लागतात व प्रत्येक छपाईत स्पष्टता घटते. मोठ्या चौकटीमुळे ही घट सोसता येत होती. ‘द ब्रूटलिस्ट’ (२०२४) हा चित्रपट पुन्हा या पद्धतीने चित्रित झाला. कॅमेरे तेच राहिले. त्यांचे मोल मात्र सत्तर वर्षांत दोनदा पालटले.

४

अंकीय कॅमेऱ्यांच्या आगमनाने या प्रश्नास निराळे वळण मिळाले. आरी कंपनीचा ‘अलेक्सा’ २०१० मध्ये आला आणि २०११ पर्यंत प्रमुख कंपन्यांनी नव्या फिल्म-कॅमेऱ्यांची निर्मिती जवळजवळ थांबविली. परिणामी विक्रीस येणारा जवळजवळ प्रत्येक व्यावसायिक फिल्म-कॅमेरा वापरलेलाच असतो. नव्या यंत्राची किंमत हा तुलनेचा मापदंडच नाहीसा झाल्यावर योग्य किंमत कशी ठरवावयाची?

या ठिकाणी अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांचा १९७० मधील सुप्रसिद्ध निबंध उपयोगी पडतो. जुन्या मोटारींच्या उदाहरणावरून त्यांनी असे दाखविले की, विक्रेत्यास वस्तूचे दोष ठाऊक असतात व ग्राहकास नसतात, तेव्हा ग्राहक सर्वच वस्तूंना सरासरी भाव देऊ लागतो. मग चांगल्या वस्तूंचे मालक बाजारातून माघार घेतात आणि वाईट वस्तूच शिल्लक राहतात. कॅमेऱ्याच्या बाबतीत या अज्ञानावरचा उपाय सुदैवाने बराचसा मोजता येण्याजोगा आहे. कच्ची फिल्म यंत्रातून चालवून तिच्यावर ओरखडे उठतात काय, हे पाहता येते. रेघांच्या चौकटीचा तक्ता एकदा चित्रित करून, फिल्म मागे नेऊन, किंचित सरकवून पुन्हा त्याच फिल्मवर चित्रित केला, तर दोन्ही प्रतिमांच्या परस्पर हालचालीवरून चित्राची स्थिरता कळते. भिंगाच्या बैठकीपासून फिल्मपर्यंतचे अंतर ‘पीएल’ बैठकीच्या कॅमेऱ्यात बावन्न मिलिमीटर असावे लागते. त्यात मिलिमीटरच्या काही शतांशांचा फरक पडला, तरी रुंद कोनाच्या भिंगातून येणारे चित्र अस्पष्ट होते. प्रकाशगळती, मोटरीच्या गतीची अचूकता आणि चालण्याचा आवाज यांचीही अशीच परीक्षा घेता येते.

यावरून योग्य किमतीचा एक साधा हिशेब मांडता येतो. त्याच जातीच्या, पूर्णपणे दुरुस्त केलेल्या आणि फिल्मच्या डब्यांसह सर्व जोडसामग्री असलेल्या कॅमेऱ्याचा चालू भाव धरावा. त्यातून दुरुस्तीचा खर्च आणि उणे असलेल्या सामग्रीची किंमत वजा करावी. शेवटी ज्या गोष्टी तपासता आल्या नाहीत त्यांबद्दल काही रक्कम वजा करावी. ही शेवटची वजावट विद्युत्-मंडले असलेल्या अलीकडच्या कॅमेऱ्यांत मोठी असावयास हवी. कारण झिजलेला दाता कुशल कारागीर पुन्हा घडवू शकतो, पण उत्पादन बंद झालेले विद्युत्-मंडल घडविणे दुष्कर असते. त्यामुळे काही बाबतींत अधिक जुने यंत्र अधिक टिकाऊ ठरते, हे वरवर विपरीत वाटणारे सत्यही येथे ध्यानात येते.

५

तथापि हा हिशेब वापरणाऱ्याचा आहे. इतिहासाच्या अभ्यासकास तो पुरेसा नाही. वापरणाऱ्याच्या दृष्टीने नवी मोटर, बदललेली बैठक अथवा रुंद केलेली चौकट ही सुधारणा होय व तिने किंमत वाढते. अभ्यासकाच्या दृष्टीने तीच गोष्ट पुराव्यातील फेरफार ठरते. उलट, ज्या यंत्राला कोणी हात लावलेला नाही, ते चित्रणास निरुपयोगी असूनही आपल्या काळातील कार्यपद्धतीची विश्वसनीय साक्ष देऊ शकते. टेक्निकलर कॅमेऱ्यांच्या रूपांतरात बाजाराने कोणतीही चूक केली नाही. बाजारापुढे जो प्रश्न होता, त्याचे उत्तर त्याने बरोबरच दिले. उणीव एवढीच होती की, दुसरा प्रश्न विचारणारा कोणी त्या व्यवहारात उपस्थित नव्हता.

म्हणून संग्रहालये व विद्यापीठे जेव्हा असे यंत्र विकत घेतात अथवा देणगी म्हणून स्वीकारतात, तेव्हा त्यांनी दोन स्वतंत्र मूल्यमापने करणे इष्ट आहे. पहिल्यात यंत्र आज काय करू शकते हे पाहावे. दुसऱ्यात त्यावर कोणकोणते बदल झाले, ते केव्हा झाले आणि मूळचे कोणते भाग शिल्लक आहेत, याची नोंद घ्यावी. पहिल्या मूल्यमापनातून किंमत निघेल आणि दुसऱ्यातून मोल. त्यांची सांगड घालणे नेहमी शक्य होईल असे नाही. परंतु दुरुस्तीचा हात यंत्रास लागण्यापूर्वी दुसरी नोंद पूर्ण झाली पाहिजे, कारण त्यानंतर ती कोणालाही करता येणार नाही.