तळटीप : तान्ह्या पोळ्याची सोंगं

येथे तान्हा पोळा अभिप्रेत आहे. श्रावण अमावास्येला बैलांचा पोळा आणि दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, लाकडी नंदी ओढत निघालेल्या मुलांचा. विदर्भाबाहेर तो फारसा ठाऊक नाही; नागपुरात तो दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी सुरू केला असे सांगतात. यवतमाळ जिल्ह्यातही मुले या दिवशी सोंगे घेतात : शेतकरी, शिवाजी महाराज, सावित्रीबाई. पोशाख हल्ली भाड्यानेही मिळतो, पण लेखकाच्या डोळ्यांपुढे आहे तो घरी जुळवलेला. त्यातले सर्वांत देखणे सोंग गाडगेबाबांचे (१८७६–१९५६). बाबा शेजारच्या अमरावती जिल्ह्यातले. ठिगळांचा सदरा, हातात खराटा, डोक्यावर खापर आणि कापसाची दाढी. यवतमाळ जिल्हाच कापसाचा, तेव्हा दाढीला तोटा नाही. मात्र सरकी काढून, बोटांनी पिंजून, पातळ थरांनी चिकटवावी लागते, नाहीतर दुसऱ्या गल्लीपर्यंत अर्धी गळालेली असते. मग दारोदार ‘बोजारा’ मागायचा, म्हणजे खाऊ किंवा पैसे. परदेशातल्या हॅलोविनची मुलेही अशीच दारोदार फिरतात, पण इथे पहिला मान नंदीचा. त्याला कुंकू लावल्यावरच बोजारा हातावर पडतो. म्हणून या प्रसंगातली आजी पोरांना उंबऱ्यावर थांबवून आधी करंडा शोधते.