घरपट्टी आणि घरधनी

नगरपालिका म्हटली की डोळ्यांपुढे येते ती कचेरी, घरपट्टीचे बिल आणि वेळेवर न येणारे पाणी. ती आपली कोणी लागते असे सहसा वाटत नाही. पण तिची जन्मकथा निराळीच आहे. 1850 साली कंपनी सरकारने सव्विसावा कायदा केला. त्यात अट अशी की, गावच्या रहिवाशांनी मागणी करावी आणि ती गावाची खरीच इच्छा आहे अशी सरकारची खात्री पटावी, मगच पालिका. साताऱ्याचे राज्य 1848 साली खालसा झाले आणि पाचच वर्षांनी, 1853 मध्ये, याच कायद्याखाली साताऱ्यात नगरपालिका आली. सभासद सरकारने नेमायचे, मॅजिस्ट्रेटसाहेब त्यांत असायचेच, हे खरे. तरी कागदावर का होईना, पालिका म्हणजे दिवाबत्ती आणि झाडलोट यांसाठी घरधन्यांनी काढलेली वर्गणी होती. ही वर्गणी घरपट्टीने गोळा करा की जकातीने, ही मुभा गावाला होती. आपल्या इलाख्यातल्या बऱ्याच गावांनी जकात पसंत केली. स्वतःच्या घरावरचा कर कुणाला गोड लागतो!

सांगलीची गोष्ट वेगळी. ते पटवर्धनांचे संस्थान. तिथे 1876 साली पालिका आली ती संस्थानी अमलात. पण साताऱ्याच्या पेठा काय नि सांगलीचा गावभाग काय, हिशेब एकच होता. वाडा एकाचा, पावती एकाच्या नावे. भाडेकरूंची तक्रार असली तर ती मालकाकडे. पालिकेला एक दार ठोठावले की भागत असे.

एका छपराखाली वीस मालक, ही कल्पनाच आपल्याकडे नवी. तिचा पहिला मोठा नमुना मुंबईत गावदेवीला उभा राहिला. 1915 साली स्थापन झालेली सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी. भाडेकरू तोच भागीदार, आणि जागेची मालक संस्था. सहकाराचा 1912 चा कायदा तोवर झालेला होता म्हणून हे जमलं. पुढे महाराष्ट्राने 1960 साली स्वतःचा सहकारी संस्थांचा कायदा केला, 1963 साली मालकी गाळ्यांचा आणि 1970 साली अपार्टमेंटचा.

यातला 1963 चा कायदा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. गाळे विकणाऱ्याने गिऱ्हाइकांची सोसायटी करून द्यायची आणि ठरल्या मुदतीत जमीन तिच्या नावावर करून द्यायची, असे त्याने सांगितले. सांगितले खरे, पण जमीन नावावर करून देणारे थोडे आणि टाळणारे फार. लोक तीस-तीस वर्षे घरपट्टी भरत राहिले आणि सातबाऱ्यावर नाव मात्र मूळ मालकाचेच. इमारत मोडकळीला आली, नवी बांधायची म्हटली, की मग डोळे उघडायचे. अखेर 2008 साली दुरुस्ती झाली. बिल्डर येत नसेल तर त्याच्यावाचून, जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करून, जमीन संस्थेच्या नावे करून घेता येते. याला मानीव अभिहस्तांतरण म्हणतात. शब्द उच्चारताना दात दुखतात, पण हक्क मोलाचा आहे. आता पालिकेची खरी मदत इथे लागते. मंजूर नकाशा आणि भोगवट्याचा दाखला हे कागद पालिकेच्या दप्तरातले. जुन्या इमारतीचा नकाशा मागणाऱ्या सेक्रेटरीला तो चार दिवसांत मिळाला, तर ती मदत कोणत्याही अनुदानापेक्षा मोठी.

दुसरा प्रश्न कुंपणाच्या आतला. सोसायटीतला रस्ता, त्यावरचा दिवा, आतले गटार, सगळे सभासदांच्या खर्चाने. घरपट्टीत मात्र त्यापोटी सूट नाही. 2016 च्या घनकचरा नियमांनी तर पाच हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या वसाहतींवर ओला कचरा शक्य तितका आवारातच जिरवण्याचा भार टाकला. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात हाच वाद पेटला होता. दुहेरी भुर्दंड का, असे तिथले लोक विचारीत. 1990 च्या सुमारास तिथे कायदा झाला. कचरा उचलणे, रस्त्यावरचे दिवे, बर्फ काढणे ही कामे गावाने अशा खासगी वसाहतींत स्वतः करावीत, नाही तर खर्च परत द्यावा. आपल्याकडे बर्फाची पंचाईत नाही एवढेच. बाकी मागणी रास्त आहे, असे मला वाटते.

मोकळ्या जागेचेही असेच. आजच्या राज्यव्यापी बांधकाम नियमावलीप्रमाणे एक एकराहून थोड्या कमी, म्हणजे चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या लेआउटमध्ये दहावा हिस्सा मोकळा सोडावा लागतो. ही जागा सर्व रहिवाशांच्या उपभोगाची. परंतु जिथे संस्थाच नोंदलेली नाही, तिथे ती जागा मागायला जाणार कोण? 2020 साली साताऱ्याची हद्द वाढली. शाहूपुरी, शाहूनगर, विलासपूर हे भाग पालिकेत आले. ग्रामपंचायतीच्या काळात पडलेले प्लॉट, तेव्हाच्या मंजुऱ्या, अर्धे रस्ते खासगी, अर्धे सार्वजनिक. अशा वेळी पालिकेने वसाहतवार यादी करून, संस्था नोंदवायला मार्गदर्शन देणारा एक कारकून जरी बसवला, तरी पुष्कळ भांडणे कोर्टात जाण्याआधी मिटतील.

सांगलीला आणखी एक कारण आहे, आणि ते कृष्णामाईचे. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेले. वाड्यांच्या काळी पूर आला म्हणजे माळ्यावर सामान चढवायचे. आज चार मजली इमारतीत मोटार, पाण्याची टाकी, विजेचे मीटर, सगळे तळमजल्यावर. वरच्या मजल्यावरचा माणूस कोरडा, पण त्याला पाणी नाही, दिवा नाही, खाली उतरायची सोय नाही. मीटर वर घ्यायचे तर एका सभासदाच्या इच्छेने होत नाही. ठराव लागतो, सर्वांची वर्गणी लागते. पालिकेने 2005 आणि 2019 च्या पाण्याची खूण प्रत्येक सोसायटीच्या जिन्यात रंगवून द्यावी, आणि मीटर त्या खुणेच्या वर नेणाऱ्यांना त्या वर्षीच्या घरपट्टीत सूट द्यावी. पावसाळ्याआधीच्या सर्वसाधारण सभेत हा एक विषय ठेवला, तर ठराव व्हायला वेळ लागणार नाही.