कोरड्या कड्यावरचा मुक्काम : राजगड-तोरण्यावर रात्र काढण्याची जुनी तयारी

वाळवंटात मुक्कामाला निघालेला माणूस आधी पाणी मोजतो, मग वाटाड्या ठरवतो आणि शेवटी सामानाची गाठोडी बांधतो. भोर-वेल्ह्याच्या गडांकडे निघालेला मनुष्य बहुधा नेमका उलट क्रम धरतो. तंबू, विजेरी, कॅमेरा यांची यादी आठवडाभर आधी तयार असते. पाण्याचा विचार पायथ्याच्या शेवटच्या दुकानासमोर सुचतो. हिरव्या डोंगरांत पाण्याची काय वाण, ही समजूत त्यामागे असते. सतराव्या शतकात या डोंगरांवर ज्यांनी राज्य उभारले त्यांची समजूत मात्र अगदी वेगळी होती, आणि तिचा लेखी पुरावा आपल्याकडे आहे. हा धागा त्याविषयी. थोडा लांबेल, सांभाळून घ्यावे.

प्रथम भूगोल. तालुक्यांच्या पश्चिम अंगाला पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. याच पाण्यावर १९२८ साली भाटघरचे धरण पूर्ण झाले. पुढे पानशेत, वरसगाव, नीरा-देवघर, गुंजवणी अशी धरणांची रांगच लागली. परंतु हे सारे पाणी खोऱ्यांचे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे एकावर एक निजलेले थर म्हणजे हा सह्याद्री, आणि त्यातला घट्ट कातळ पाणी मुरू देत नाही. पाऊस माथ्यावर पडतो, कड्यांवरून उडी घेतो आणि कानंदी, गुंजवणी, वेळवंडी, नीरा यांच्या पात्रांत जाऊन मिळतो. दिवाळी सरली की माथ्यावरचे गवत पिवळे पडू लागते. एप्रिलच्या दुपारी सुवेळा माचीवर उभे राहिल्यास सावलीसाठी झाड शोधावे लागते आणि पायाखालचा खडक चटके देतो. ज्याच्या पायथ्याशी धरण आहे आणि माथ्यावर घोटभर पाण्याची भ्रांत आहे, असा हा प्रदेश. वर्षातले चार महिने पूर, चार महिने हिरवळ आणि उरलेले चार महिने वाळवंट, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

अशा ठिकाणी मुरुंबदेवाच्या डोंगरावर शिवाजी महाराजांनी राजगड उभारला आणि सुमारे पाव शतक तो राज्याचे मुख्य ठिकाण राहिला. सईबाईंचा मृत्यू १६५९ मध्ये येथेच झाला, आग्र्याहून सुटलेले महाराज १६६६ मध्ये येथेच परतले, राजाराम महाराजांचा जन्म १६७० मध्ये येथलाच. राजकुटुंब, कारकून, शिबंदी आणि त्यांची जनावरे, इतका पसारा चौदाशे मीटरच्या आसपास उंचीच्या खडकावर बारमाही राहत होता. प्रश्न साधा आहे. हे लोक मे महिन्यात काय पीत होते?

उत्तर कातळात कोरलेले आहे. पद्मावती माचीवर तलाव आणि देवळाजवळची टाकी, संजीवनी माचीवर तटालगतची टाकी, बालेकिल्ल्यावर चंद्रतळे. टाके खोदण्यात दुहेरी लाभ असे : निघालेला दगड तटाला लागे आणि उरलेला खड्डा पावसाला मिळे. सह्याद्रीतल्या अनेक गडांवर टाके पूर्ण उघडे न ठेवता कातळाचेच छत आणि त्याला आधाराला खांब राखलेले दिसतात. त्यांना आपण खांबटाकी म्हणतो. ऊन पाण्यापर्यंत पोचू नये, हा त्यातला मुख्य लाभ. ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागात तिथले मूळचे लोक खडकातल्या पाणी साठणाऱ्या खळग्यांवर दगड किंवा फांद्या झाकून ठेवत असत. एकमेकांची वार्ताही नसलेल्या दोन समाजांनी बाष्पीभवनावर सारखाच उपाय काढावा, यात मला नवल वाटत नाही. तहान माणसाला सगळीकडे सारखेच शिकवते.

राजगडावर पाणी एकाच जागी नाही, प्रत्येक भागात वेगळे आहे, हेही ध्यानात घ्यावे. माझ्या मते हा योगायोग नव्हे. एखादी माची शत्रूच्या हाती गेली तरी बालेकिल्ला तहानेने शरण जाऊ नये, अशी ही मांडणी दिसते.

या अनुभवाचे शास्त्र आपल्याला रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात सापडते. १७१५च्या सुमाराच्या या ग्रंथातले दुर्गप्रकरण आपण बहुधा शौर्याच्या संदर्भात वाचतो. वास्तविक ते बरेचसे मुक्कामाच्या तयारीचे प्रकरण आहे. गड बांधण्यापूर्वी पाणी पाहावे, असे अमात्य सांगतात. पाणी नाही आणि जागा तर सोडता येत नाही, अशी अडचण असेल तर आधी खडक फोडून टाकी करावीत. एखादा झरा आहे म्हणून निश्चिंत राहू नये. लढाईत तोफांच्या आवाजाने झरे क्षीण होतात आणि नेमक्या त्याच वेळी पाण्याचा खर्च वाढतो, म्हणून राखीव साठ्याची टाकी वेगळी ठेवावीत. यातले तोफांचे कारण आजच्या भूशास्त्राला कितपत मान्य होईल ते असो. गरज वाढते तेव्हाच पुरवठा घटतो, हा हिशेब मात्र अचूक आहे. कोठीत उंदीर, विंचू, मुंग्या यांचा उपद्रव होऊ नये, दारूखाना घरांपासून दूर असावा, गडावर आंबा, फणस, चिंच, वड, पिंपळ अशी झाडे लावून जतन करावीत, कारण प्रसंगी लाकडाचाही उपयोग होतो, असे बारकावे त्यात आहेत.

दुसरा कागद याहून जुना आणि मला अधिक प्रिय. मे १६७३ मध्ये चिपळूण भागात पावसाळी छावणीला राहिलेल्या लष्कराच्या अधिकाऱ्यांना महाराजांनी पाठवलेले हे पत्र. रयतेला जराही त्रास देऊ नका, या आशयासाठी ते प्रसिद्ध आहे. परंतु त्या आज्ञेच्या आधी जे येते ते शुद्ध हिशेब आहे. पावसाळ्यासाठी दाणा आणि गवत जमवून ठेवले आहे. ते आजच वाटेल तसे उधळले तर ऐन पावसात काही मिळणार नाही, घोडी मरतील, मग तुम्ही कुणब्यांच्या घरात शिराल आणि लोकांना मोगल बरे वाटू लागतील. पुढे आगीचा इशारा येतो. कोणी चुली पेटवतील, कोणी तंबाखू ओढतील, कोणी रात्री दिवा जळता ठेवील, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताची गंजी भस्म होईल. राज्यकर्त्याने उंदराच्या तोंडातल्या वातीचा विचार करावा, हे वाचताना मला दर वेळी थांबायला होते. साठवण चुकली की शिस्त मोडते आणि शिस्त मोडली की राज्याची अब्रू जाते, ही साखळी त्या पत्रात पायरीपायरीने मांडली आहे.

आता वाटाड्याकडे येऊ. गडाचा घेरा म्हणजे उतारावरची मेटी, तिथले मेटकरी, भोवतालच्या वाड्या. हिरडस मावळ, गुंजण मावळ, कानद खोरे, रोहिड खोरे अशी खोऱ्याखोऱ्यांची नावे आणि त्यांचे देशमुख आपल्याला पाठ असतात. त्या खोऱ्यातून घाटमाथ्यावर आणि पुढे कोकणात उतरणाऱ्या वाटा ज्यांच्या पायांना पाठ होत्या त्यांची नावे मात्र कागदावर क्वचितच येतात. कोणती ढोरवाट कड्यापाशी जाऊन संपते, कोणता झरा होळीनंतर आटतो, कोणत्या कपारीखाली आग्या मोहोळ आहे आणि म्हणून कुठे धूर करू नये, हे ज्ञान दप्तरात मावणारे नव्हतेच.

हे ज्ञान नसले तर काय होते याचे मोठे उदाहरण याच खोऱ्यात घडले. १७०३च्या नोव्हेंबरात पुण्याहून निघालेले औरंगजेबाचे लष्कर डिसेंबरच्या सुरुवातीला राजगडाखाली पोचले. आज गाडीने दीड-दोन तासांचा हा पल्ला. रस्ता सपाट करण्यासाठी बेलदार आणि पाथरवट आधीच पाठवलेले होते, तरी वाटेतली खिंड तोफा आणि तंबूंच्या ओझ्याला दाद देईना. सामानाची, माणसांची वाण नव्हती. वाण होती ती डोंगराच्या ओळखीची. फेब्रुवारी १७०४ मध्ये राजगड पडला आणि नबीशाहगड झाला, मार्चमध्ये तोरणा पडला आणि फुतूह-उल-गैब झाला. १७०७ मध्ये राजगड पुन्हा मराठ्यांकडे आला. पर्शियन नाव डोंगराला चिकटलेच नाही.

याच जातीची एक गोष्ट ऑस्ट्रेलियात १८६० मध्ये घडली. बर्क आणि विल्स यांची मोहीम मेलबर्नहून सुमारे वीस टन सामान घेऊन निघाली. तिच्यासाठी हिंदुस्थानातून उंट नेलेले होते. वाळवंट ओलांडून परतताना दोघेही कूपर क्रीकच्या काठी १८६१ मध्ये उपासमारीने मेले. तो काठ यांड्रुवांधा लोकांच्या वस्तीचा. ते तिथे पिढ्यान्‌पिढ्या जगत होते. बर्कने त्यांना दूर लोटले. सोबतचा जॉन किंग मात्र त्यांच्या आश्रयाला गेला, त्यांच्यात महिनोन्‌महिने राहिला आणि जिवंत परतला.

पुढे राजगड-तोरणा भोरच्या पंत सचिवांच्या संस्थानात राहिले. संस्थानातल्या तालुक्यांना विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, सुधागड अशी गडांचीच नावे होती. परंतु गडावरची वस्ती सरली तसा टाक्यांचा वर्षाचा उपसाही थांबला. टाके दरवर्षी उपसले नाही तर गाळाने भरते. हे काम शत्रूच्या तोफेइतकेच निर्णायक, फक्त अधिक सावकाश. विसाव्या शतकात गो. नी. दांडेकरांसारख्या लेखकांनी राजगडावर वारंवार मुक्काम केले आणि महाराष्ट्राला पाठपिशवी घेऊन गडावर जायला शिकवले. त्यानंतर टाक्यांतला गाळ काढण्याचे काम गडप्रेमी मंडळींनी ठिकठिकाणी हाती घेतले. जुलै २०२५ मध्ये राजगड युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेला. गर्दी वाढली. राजगडावरच्या रात्रीच्या मुक्कामावर अलीकडे निर्बंध आले आहेत. त्यावर चिडणाऱ्यांनी आज्ञापत्रातला आणखी एक नियम वाचावा. गडाच्या वाटांवर, बाजारात, तटावर केर पडू देऊ नये, तो कड्याखालीही लोटू नये, जागच्या जागी जाळून त्याची राख परसात घालावी आणि घरोघर भाजीपाला करावा. तीनशे वर्षांपूर्वी केराचा हिशेब लागत होता. आज पाण्याच्या रिकाम्या बाटल्या टाक्यातच तरंगताना दिसतात.

म्हणून कोणी तयारीविषयी विचारले की मी तंबूचे नाव घेत नाही. परवानगीची चौकशी आधी करावी. मुक्काम गुंजवणे, पाली, भुतोंडे किंवा वेल्हे अशा पायथ्याच्या गावी करावा, पिठले-भाकर तिथेच खावी, वाटाड्या गावातला घ्यावा आणि त्याचे पैसे घासाघीस न करता द्यावेत. पाणी खालूनच न्यावे, प्रत्येकी निदान तीन-चार लिटर. पद्मावतीच्या देवळाजवळचे टाके आजही पिण्यासाठी वापरतात. त्यात हात-पाय धुऊ नयेत, भांडे विसळू नये. उन्हाळ्यात त्याची पातळी खाली जाते, आणि वर ताक विकायला बसणाऱ्या मावश्या त्या दिवसांत आपले हंडे खालूनच डोक्यावर चढवतात.