चंद्रकोरीचें पेन
बाप्तिस्म्याच्या नोंदवहींत शाईचा डाग पडला, तर एका जीवाचें नांव बुडतें. जुन्या दाखल्यासाठीं हेलपाटे घातलेल्यांस हें सांगणें नलगे. थेंबनळीनें पेन भरण्याच्या काळीं असे डाग सहज पडत. अमेरिकेंतील टोलेडोच्या रॉय कॉंकलिन यांनीं 1900 च्या सुमारास त्यावर तोड काढली. त्यांच्या पेनच्या पाठीवर धातूची चंद्रकोर उभी असे. तिच्याखालची कडी फिरवून कोर दाबली कीं आंतली रबरी पिशवी चेपे. सोडली कीं शाई ओढून घेई. शिवाय पेन मेजावरून घरंगळत नसे. 1896 त मुंबई पाहून गेलेले मार्क ट्वेन याच गुणावर खूष होते. त्यांच्या तोंडचे अपशब्द वांचत! 1908 त शेफर यांनीं तरफेचें पेटंट घेतलें व कोर हळूहळू मागें पडली. आमच्या नव्या पेठेंत कोणाच्या पेटींत असें पेन सांपडल्यास आम्हांस अवश्य दाखवावें. कोर मात्र दाबूं नये, रबर वाळून ठिसूळ झालेलें असतें.