हाडाचा डॉक्टर आणि प्लास्टिक सर्जन एकाच टेबलावर : ऑर्थोप्लास्टिक सर्जरी म्हणजे काय?

नाशिकमधून मुंबई-आग्रा महामार्ग जातो आणि सातपूर-अंबडच्या कारखान्यांत प्रेस मशीन चालतात. चाकाखाली आलेला पाय किंवा मशीनमध्ये चिरडलेला हात घेऊन नातेवाईक धावतात, तेव्हा पहिला प्रश्न एकच असतो, "वाचेल ना?" याचं उत्तर फक्त हाडावर ठरत नाही.

मग कशावर ठरतं?

नडगीवरून बोट फिरवून बघा. हाड आणि कातडीच्या मध्ये जवळपास काहीच नाही. म्हणून मोठ्या अपघातात कातडी फाटून हाड उघडं पडतं. रॉड टाकून ते जोडता येतं, पण वर जिवंत मांस नसेल तर हाड सुकतं आणि जंतुसंसर्ग होतो. गस्टिलो-अँडरसन वर्गीकरणात ही '३ बी' जखम. मुख्य रोहिणी तुटून ती जोडावी लागणार असेल तर '३ सी'.

दोन डॉक्टर कशाला?

ऑर्थोपेडिक सर्जन मेलेला भाग काढून हाड स्थिर करतो. प्लास्टिक सर्जन मांडीचा किंवा पाठीचा जिवंत तुकडा रक्तवाहिनीसकट उचलून जखमेवर बसवतो. यालाच फ्लॅप म्हणतात. मायक्रोस्कोपखाली काही मिलिमीटरच्या रक्तवाहिन्या शिवल्या जातात. दोघांनी पहिल्या दिवसापासून मिळून आखणी करायची, हीच ऑर्थोप्लास्टिक पद्धत. प्लास्टिक सर्जरी म्हणजे फक्त सौंदर्य, हा समज इथे गळून पडतो.

घाई का?

ल्युब्लियानाचे सर्जन मार्को गोदिना यांनी १९८६ मध्ये ५३२ रुग्णांचा अभ्यास मांडला. ७२ तासांच्या आत फ्लॅप बसवलेल्यांत संसर्ग १.५ टक्के होता. ७२ तास ते ३ महिने उशीर झालेल्यांत १७.५ टक्के.

पाय ठेवायचा की कापायचा?

यासाठी जगभर वापरला जाणारा एक स्कोअर भारतातला आहे. कोइम्बतूरच्या गंगा हॉस्पिटलमध्ये डॉ. एस. राजशेखरन आणि डॉ. एस. राजा सबापती यांच्या टीमने तो तयार केला. कातडी, हाड आणि स्नायू-नसा यांना १ ते ५ गुण, शिवाय रुग्णाच्या इतर धोक्यांचे प्रत्येकी २. बेरीज १४ किंवा कमी असेल तर पाय वाचवायचा प्रयत्न, १७ किंवा जास्त असेल तर बहुधा कापणं. १५-१६ असेल तर अनुभवी टीम ठरवते.

हाडाचा तुकडाच गेला असेल तर इलिझारोव्हची रिंग लावून रोज साधारण १ मिलिमीटर नवं हाड वाढवतात. अकोल्याचे डॉ. मिलिंद चौधरी या तंत्रासाठी ओळखले जातात.

तुम्ही काय कराल?

- १०८ ला फोन करा. स्वच्छ कापडाने जखम दाबून धरा. हळद, चहापावडर लावू नका.
- तुटलेला भाग ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून पिशवीत घाला आणि ती पिशवी बर्फात ठेवा. बर्फ थेट लावू नका.
- अँटिबायोटिक लवकरात लवकर, शक्यतो पहिल्या तासात सुरू व्हायला हवं.
- दवाखान्यात विचारा, "प्लास्टिक सर्जन आज बघतील का?" उत्तर 'नाही' असेल तर रुग्ण स्थिर झाल्यावर कुठे हलवायचं, हे त्याच दिवशी ठरवा.
- खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला भेटा.

पाय वाचला तरी पुढे अनेक ऑपरेशन्स आणि महिनोन् महिने फिजिओथेरपी असते. कधीकधी वेळेत कापलेला पाय आणि चांगला कृत्रिम पाय माणसाला लवकर कामावर नेतो. म्हणून डॉक्टरांना "पाय वाचेल का?" एवढंच विचारून थांबू नका. "तो चालेल का?" हेही विचारा.